दाणा माणसाला, कडबा बैलाला

रब्बीची ज्वारी निसवते, कणसे बाहेर पडतात, आणि नेमकी त्याच वेळी जमिनीतली ओल संपते. असे झाले की दाणा भरत नाही. ताटे मात्र माणसाच्या उंचीची उभी असतात. अशा वर्षी शेतकरी म्हणतो, "निदान कडबा तरी हाती लागला." पेंढ्या बांधल्या जातात, गंजी रचली जाते, बैलांची सोय होते, घरातल्या माणसांसाठी मात्र धान्य विकत आणावे लागते. गोठ्याशेजारी गंजी उभी आणि घरात कणगी रिकामी, हे चित्र आपल्या दुष्काळी तालुक्यांना नवे नाही.

विद्यार्थी मित्रांनो, या चित्रात एक विलक्षण कोडे दडलेले आहे. ज्वारीच्या दाण्यात मुख्यतः असतो तो स्टार्च, म्हणजे पिष्ट. दाण्याच्या वजनाचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग तोच. कडब्यात सर्वांत अधिक असते ते सेल्युलोज, सुमारे एक-तृतीयांश. आणि हे दोन्ही पदार्थ तयार झालेले असतात एकाच विटेपासून. ती वीट म्हणजे ग्लुकोज. शुद्ध स्टार्च घ्या की शुद्ध सेल्युलोज घ्या, त्याचे पूर्ण विघटन केले तर हाती ग्लुकोजच येते, दुसरे काही नाही. दोन्ही पदार्थ प्रत्येकी एक ग्रॅम घेऊन जाळले तर जवळजवळ सारखीच उष्णता बाहेर पडते, ४ किलोकॅलरींपेक्षा थोडी अधिक. मग एक पदार्थ आपले पोट भरतो आणि दुसरा का भरत नाही? कडब्याच्या गंजीत साखर तर खच्चून भरलेली आहे!

उत्तर शोधायचे तर आधी त्या विटेची नीट ओळख करून घ्यावी लागेल.

ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण पाण्यातल्याप्रमाणेच दोनास एक. म्हणून जुन्या रसायनशास्त्रज्ञांना वाटले की हे पदार्थ म्हणजे पाण्याशी संयोग पावलेला कार्बन असावा, आणि त्यांनी नाव दिले कार्बोहायड्रेट. आपण त्यांना कर्बोदके म्हणतो, त्यातही कर्ब आणि उदक आलेच. खरे म्हणजे या रेणूत पाणी पाण्याच्या रूपात मुळीच नसते. शिवाय केवळ प्रमाणावर जायचे तर व्हिनेगरमधले अ‍ॅसेटिक आम्लही कर्बोदक ठरेल, कारण त्याच्या रेणूत कार्बन २, हायड्रोजन ४ आणि ऑक्सिजन २ असतात. म्हणजे नाव थोडे फसवे आहे. पण रूढ झालेली नावे अशी सहजी जात नाहीत.

आता कागद-पेन्सिल घ्या. एक षट्कोन असा काढा की त्याचा एक कोन उजव्या टोकाला आणि एक डाव्या टोकाला येईल. उजव्या टोकाच्या कोनावर १ हा आकडा लिहा. तेथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जात २, ३, ४, ५ असे आकडे लिहा. ४ हा आकडा बरोबर डाव्या टोकाला येईल. हे पाच कार्बन अणू झाले. उरलेल्या सहाव्या कोनावर ऑक्सिजनचा अणू मांडा. सहावा कार्बन या कड्यात नसतो, तो पाचव्या कार्बनला बाहेरून चिकटलेला असतो. साखरेच्या रेणूंचे हे कड्यासारखे स्वरूप सिद्ध करण्यात ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ नॉर्मन हॉवर्थ यांचा मोठा वाटा होता. १९३७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले, ते कर्बोदके आणि क जीवनसत्त्व यांवरील कामासाठी.

हा षट्कोन टेबलावर आडव्या धरलेल्या तबकडीसारखा आहे अशी कल्पना करा. तबकडीला वर एक बाजू आणि खाली एक बाजू. कड्यातल्या कार्बन अणूंना हायड्रॉक्सिल गट जोडलेले असतात. हायड्रॉक्सिल गट म्हणजे एक ऑक्सिजन आणि त्याला धरून असलेला एक हायड्रोजन. चौथ्या कार्बनचा हायड्रॉक्सिल गट तबकडीच्या खालच्या बाजूला असतो. पहिल्या कार्बनचा मात्र कधी खाली असतो, कधी वर. खाली असला तर त्या ग्लुकोजला अल्फा म्हणतात, वर असला तर बीटा. बाकी सर्व काही अगदी तेच. आपल्या कोड्याचे सारे मर्म या एका गटाच्या वर-खाली असण्यात आहे, हे ध्यानात ठेवा.

गंमत अशी की ग्लुकोज पाण्यात सुटे असते तेव्हा हा भेद टिकत नाही. कडे मध्येच उघडते, पुन्हा मिटते, आणि मिटताना अल्फाचे बीटा किंवा बीटाचे अल्फा होऊन जाते. पाण्यातल्या ग्लुकोजमध्ये काही वेळाने सुमारे ३६ टक्के अल्फा आणि ६४ टक्के बीटा असा समतोल साधला जातो. पण एकदा का पहिल्या कार्बनाचा दुसऱ्या रेणूशी बंध जुळला, की त्याचे कडे उघडत नाही. जुळताना गट खाली असेल तर खालीच, वर असेल तर वरच. ओल्या सिमेंटमध्ये वीट कशीही फिरवता येते. सिमेंट वाळले की संपले, तसाच हा प्रकार.

हे बंध जुळतात कसे? एका ग्लुकोजचा पहिल्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट आणि शेजारच्या ग्लुकोजचा चौथ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट एकत्र येतात, त्यांतून पाण्याचा एक रेणू निघून जातो, आणि मागे ऑक्सिजनचा एक पूल उरतो. अशी हजार ग्लुकोजची साखळी करायची तर पाण्याचे ९९९ रेणू बाहेर पडतील. उलट साखळी तोडताना प्रत्येक पुलाला पाण्याचा एक रेणू परत द्यावा लागतो. ग्लुकोजचा रेणुभार १८०, पाण्याचा १८. म्हणून साखळीतल्या एका दुव्याचा भार १६२. यावरून १०० ग्रॅम स्टार्चचे पूर्ण विघटन केल्यास किती ग्लुकोज मिळेल ते स्वतः काढून पाहा. उत्तर १०० पेक्षा अधिक येईल, तरी दचकू नका. सुमारे १११ ग्रॅम हेच बरोबर आहे.

आता दोन साखळ्या शेजारी शेजारी मांडू. स्टार्चमध्ये अल्फा ग्लुकोजची जोडणी होते. पहिल्या कार्बनचा गट खाली, पुढच्या तबकडीच्या चौथ्या कार्बनचा गटही खाली. तबकड्या एकाच बाजूने सरळ जोडल्या जातात. पण प्रत्येक जोडाशी साखळी थोडी एकाच अंगाला वळते. प्रत्येक वेळी तेवढेच आणि तिकडेच वळत गेल्यावर काय होणार? साखळीचे वेटोळे होते, स्प्रिंगसारखे मळसूत्र तयार होते. एका फेऱ्यात साधारण सहा ग्लुकोज बसतात.

सेल्युलोजमध्ये जोडणी बीटा ग्लुकोजची असते. येथे पहिल्या कार्बनचा गट वर आहे आणि पुढच्या तबकडीच्या चौथ्या कार्बनचा गट खाली. हे जुळणार कसे? त्याला एकच उपाय, पुढची तबकडी उलटी करायची. तिच्या पुढची पुन्हा सुलटी, मग पुन्हा उलटी. एका जोडाशी आलेला बाक पुढच्या जोडाशी विरुद्ध दिशेला येतो आणि मोडतो. साखळी ताणलेल्या सुतळीसारखी सरळ राहते. अशा हजारो दुव्यांच्या सरळ साखळ्या एकमेकींना लागून निजतात, आणि त्यांच्या हायड्रॉक्सिल गटांमध्ये हायड्रोजन बंध निर्माण होतात. एकेक हायड्रोजन बंध दुबळाच. पण त्यांची संख्या प्रचंड असल्याने साखळ्यांची घट्ट मोळी बनते. तिच्या आत पाण्यालाही शिरकाव मिळत नाही.

याचा प्रत्यय घ्यायला प्रयोगशाळेत जायला नको. सुती कपड्याला खळ घालताना तुम्ही पाहिले असेल. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि खळ म्हणजे स्टार्च. म्हणजे ग्लुकोजच्या एका साखळीवर आपण ग्लुकोजचीच दुसरी साखळी चढवतो! गरम पाण्यात स्टार्चचे कण फुगतात, त्यांची लापशी होते. कापसाचा धागा मात्र उकळत्या पाण्यात टाकला तरी जसाच्या तसा. पुढच्या धुण्याला खळ निघून जाते आणि कापड उरते.

वनस्पतीलाही नेमके हेच हवे असते. खोड उभे राहायला हवे, म्हणून पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या. बीजातल्या अंकुराला पाने फुटेपर्यंत शिदोरी हवी, म्हणून दाण्यात स्टार्च. शिदोरी सुट्या ग्लुकोजच्या रूपात का ठेवली जात नाही? कारण विरघळलेली साखर पेशीत पाणी ओढून घेते. हजारो ग्लुकोज एका साखळीत बांधले की हा उपद्रव थांबतो. स्टार्चमध्ये सरळ साखळीचे अ‍ॅमिलोज असते तसेच फांद्याफांद्यांचे अ‍ॅमिलोपेक्टिनही असते. अधिक भाग दुसऱ्याचाच. फांद्या अनेक म्हणजे टोके अनेक, आणि टोके अनेक म्हणजे गरजेच्या वेळी एकदम पुष्कळ ठिकाणी तोडणी सुरू करता येते. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साठणारे ग्लायकोजेन याहून अधिक फांद्यांचे असते.

आता एक सोपा प्रयोग. टिंक्चर आयोडिनचे दोन-चार थेंब अर्ध्या पेल्याहून कमी पाण्यात टाका. पाणी फिकट पिवळसर तपकिरी होईल. त्याचा एक थेंब भाकरीच्या तुकड्यावर टाका, एक थेंब स्वच्छ कापसावर. भाकरी निळी-काळी होईल. कापसावर आयोडिनचाच पिवळट डाग राहील. स्टार्चच्या मळसूत्राच्या पोकळीत आयोडिन जाऊन बसते, त्यामुळे निळा रंग येतो. सेल्युलोजला पोकळीच नाही, मग बसणार कोठे? वहीच्या कागदावर थेंब टाकून पाहाल तर बहुधा निळा रंग दिसेल. कागद तर सेल्युलोजचा! पण शाई फुटू नये, कागद ताठ राहावा म्हणून कारखान्यात त्याला पुष्कळदा स्टार्चची खळ दिलेली असते. गाळणकागदावर असे होत नाही. शिक्षकांनी हे उत्तर आधी न सांगता वर्गाला विचार करू द्यावा, अशी माझी सूचना आहे.

आणखी थोडे पुढे जाऊ. चिमूटभर पीठ पाण्यात उकळून पातळ पेज करा आणि पूर्ण निवू द्या. दोन पेल्यांत सारखी घ्या. एका पेल्यात स्वतःची थोडी लाळ मिसळा. दर दोन-तीन मिनिटांनी दोन्हींतला एकेक थेंब पांढऱ्या बशीवर घेऊन त्यावर आयोडिनचा थेंब टाका. साध्या पेजेचा थेंब निळाच होत राहील. लाळेच्या पेजेचा रंग निळ्यावरून जांभळ्यावर, मग लालसर आणि शेवटी नुसता पिवळट होईल. लाळेतल्या अ‍ॅमिलेज या विकराने, म्हणजे एन्झाइमने, मळसूत्राचे तुकडे केले. भाकरीचा घास पुष्कळ वेळ चघळला की गोड लागू लागतो तो यामुळेच. तुकडे होत होत माल्टोज ही दोन ग्लुकोजची साखर तयार होते. कापूस मात्र दिवसभर चघळला तरी गोड लागणार नाही.

कोणी म्हणेल, सेल्युलोजचा बंध अधिक बळकट असेल, म्हणून तो तुटत नसेल. या शंकेचे उत्तर विज्ञानाच्या इतिहासात आहे. १८११ साली सेंट पीटर्सबर्ग येथे गोटलिब किर्खहोफ यांनी स्टार्च सौम्य गंधकाम्लाबरोबर उकळला आणि त्यांना गोड साखर मिळाली. त्या काळी युरोपात नेपोलियनच्या युद्धांमुळे उसाच्या साखरेचा तुटवडा होता, त्यामुळे या शोधाचे मोठे कौतुक झाले. त्यानंतर आठच वर्षांनी, १८१९ मध्ये, फ्रान्समधील आंरी ब्राकोनो यांनी गंधकाम्लाचा प्रयोग कशावर केला असेल? तागाच्या जुन्या कापडाच्या चिंध्यांवर! (आपल्या गोणपाटाचा ताग नव्हे, अळशीच्या झाडाच्या धाग्याचे, लिननचे कापड.) चिंध्यांपासूनही साखर निघाली, आणि तिचे वजन चिंध्यांच्या वजनापेक्षा अधिक भरले. मघाशी केलेले गणित आठवते ना? तीव्र गंधकाम्ल भयंकर दाहक असते, तेव्हा हा प्रयोग घरी करण्याचा विचारही मनात आणू नका.

सेल्युलोजच्या घट्ट मोळीमुळे आम्लाला तेथे अधिक कष्ट पडतात, तीव्रता अधिक लागते, हे खरे. पण आम्लाला बंध अल्फा की बीटा हे पाहायचे नसते. ते दोन्ही तोडते. विकर मात्र पाहते. हे प्रथम स्वच्छ दाखवून दिले जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी. साखरांच्या रचनेचा गुंता सोडवणारे ते पहिले मोठे संशोधक. १९०२ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. फिशर यांनी ग्लुकोजला एक छोटासा मिथिल गट जोडून दोन पदार्थ तयार केले, एकात बंध अल्फा आणि दुसऱ्यात बीटा. येथे लांब साखळी नाही, मोळी नाही, दोन्ही पदार्थ पाण्यात सुखाने विरघळणारे. तरीसुद्धा यीस्टच्या अर्काने फक्त अल्फा तोडला, बीटाला हातही लावला नाही. कडू बदामातून काढलेल्या इमल्सिन या विकराने नेमके उलट केले, बीटा तोडला आणि अल्फा सोडून दिला. १८९४ मध्ये फिशर यांनी याचा अर्थ कुलूप-किल्लीच्या दृष्टान्ताने सांगितला: विकर आणि ज्यावर ते काम करते तो पदार्थ एकमेकांत किल्लीसारखे बसले तरच क्रिया घडते. विकर थोडेफार लवचीक असते, हे पुढे समजले. पण तो दृष्टान्त आजही पाठ्यपुस्तकांत आहे.

माणसाच्या पचनसंस्थेत स्टार्चची किल्ली आहे, सेल्युलोजची नाही. कडबा आपल्याला चालत नाही याचे मुख्य कारण एवढेच.

पण मग बैलाजवळ ती किल्ली आहे का? येथे बहुतेक विद्यार्थी "हो" म्हणतील, आणि चुकतील. बैलाच्या किंवा गाईच्या स्वतःच्या शरीरात सेल्युलोज तोडणारे विकर तयार होत नाही. तिने ही किल्ली भाडेकरूंकडून मिळवली आहे. तिच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी सर्वांत मोठा तो रुमेन. मोठ्या गाईत त्यात १०० लिटर किंवा त्याहूनही अधिक माल मावतो. त्या उबदार, ऑक्सिजनरहित हौदात अब्जावधी जीवाणू, आदिजीव आणि बुरश्या राहतात. त्यांच्यापैकी काहींपाशी सेल्युलेज हे विकर असते. गाय कडबा खाते, रवंथ करून तो पुन्हा पुन्हा बारीक करते, आणि भाडेकरू त्याचे ग्लुकोज करतात. पण ते ग्लुकोज गाईला मिळते असे समजू नका! भाडेकरूच ते फस्त करतात आणि टाकाऊ म्हणून अ‍ॅसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्ले बाहेर सोडतात. गाय जगते मुख्यतः या टाकाऊ आम्लांवर. शिवाय पुढच्या कप्प्यांत वाहत गेलेले जीवाणूही ती पचवते, त्यातून तिला प्रथिने मिळतात. तिच्या रक्तात जे ग्लुकोज असते त्याचा मोठा भाग यकृत प्रोपिऑनिक आम्लापासून नव्याने घडवते. दुधातली साखर पुढे त्यातूनच येते. कडब्यातले ग्लुकोज मोडून आम्ल, आम्लापासून पुन्हा ग्लुकोज, असा हा द्राविडी प्राणायाम आहे. वाटेत मिथेन वायूच्या रूपाने काही ऊर्जा ढेकरांवाटे निघूनही जाते.

आपल्या मोठ्या आतड्यातही असे भाडेकरू आहेत, पण थोडे, आणि तेही आतड्याच्या शेवटाला. भाजीपाला, कोंडा यांतील तंतूंचा काही भाग ते आंबवतात. बाकीचा तसाच बाहेर पडतो, आणि जाताना पोट साफ ठेवतो. म्हणजे सेल्युलोज आपल्याला निरुपयोगी नाही. फक्त ते अन्न म्हणून उपयोगी नाही.

ज्वारीचीच आणखी एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. कोवळ्या किंवा पाण्याअभावी खुरटलेल्या हिरव्या ज्वारीत धुरीन नावाचा पदार्थ असतो. त्यातही ग्लुकोज असते, तेही बीटा बंधाने जोडलेले. जनावराने पान चावले की पेशी फुटतात, पानातलेच विकर तो बंध तोडते आणि हायड्रोजन सायनाइड हे जालीम विष मोकळे होते. म्हणून जाणता शेतकरी अशा ज्वारीत गुरे सोडत नाही. वाळलेल्या कडब्यात हा धोका खूपच कमी असतो.

मग माणसाने ही किल्ली बाहेरून मिळवली तर? दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातील बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि कपडे फार झपाट्याने कुजू लागले. सॉलोमन बेटांवरच्या अशाच एका कुजक्या कापडावर ट्रायकोडर्मा जातीची एक बुरशी सापडली. एल्विन रीस आणि मेरी मँडल्स यांनी तिचा कसून अभ्यास केला, आणि ती भरपूर सेल्युलेज बाहेर सोडते असे आढळले. रीस यांच्या नावावरून तिला पुढे ट्रायकोडर्मा रीसी हे नाव मिळाले. तंबू वाचवायला निघालेल्या संशोधकांच्या हाती सेल्युलोजचे कुलूप उघडणारी किल्ली आली ती अशी! आज कारखान्यांत वापरले जाणारे पुष्कळसे सेल्युलेज या बुरशीच्या वंशजांकडूनच मिळते. आपल्याकडे बियाण्याला चोळतात किंवा पाचट लवकर कुजावे म्हणून वापरतात त्या ट्रायकोडर्मा बुरश्या तिचीच भावंडे.

हरयाणात पानिपत येथे भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल तयार करण्याचा कारखाना ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आला. पेंढ्यातल्या सेल्युलोजचे ग्लुकोज करायचे आणि ते आंबवायचे, ही त्यामागची कल्पना. पण हे काम स्टार्चच्या मानाने महाग पडते. एक तर मोळी घट्ट. शिवाय पेंढ्यात आणि कडब्यात सेल्युलोजच्या भोवती लिग्निन नावाच्या चिवट पदार्थाचे लिंपण असते. ते कर्बोदक नव्हे, आणि विकराला ते जवळ येऊ देत नाही. म्हणून आधी पेंढा आम्ल, वाफ किंवा अल्कली यांनी सैल करावा लागतो, आणि मगच विकर घालता येते. गाईचे भाडेकरूसुद्धा लिग्निनपुढे हात टेकतात. कडबा जितका जून, तितके त्यात लिग्निन अधिक. शेणात दिसणारे काड्यांचे बारीक तुकडे बहुतांशी त्याचेच राखलेले असतात.